अर्ध्या टनाची गाडी

आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, एकूण १६३ वस्तू होत्या. बिडाचे तवे चार, रजया सहा, कंदील तीन, हकलबेरी या रानफळाच्या जॅमच्या बरण्या नऊ, अस्वल पळवायच्या फवाऱ्याचे डबे दोन, कुऱ्हाड एक, करवती दोन, नाल फेकायच्या खेळाचे नाल आठ आणि खुंटे दोन, पत्त्यांचे जोड पाच. पाचांपैकी एका जोडात ५१ पानं होती. चमचे मी वेगवेगळे धरले नाहीत, एक गठ्ठा मानला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मी न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहिले आणि आलेल्या आकड्यातून माझे स्वतःचे १५१ पौंड वजा केले. बेरीज १,०१२ पौंड झाली. रिकामा ट्रेलर ४,६५० पौंडांचा असं माहितीपत्रकात छापलं होतं. टाकीतलं पाणी ३३०. सगळं मिळून सहा हजारांना आठ पौंड कमी.

तो ओढायला आमच्याकडे गाडी मात्र एकही नव्हती.

"आधी खोगीर घेतलं, आता घोडा शोधतायत," लायल मामा कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "अन् वरून नाकापेक्षा मोती जड."

"तू कामाला आलायस की बघायला?" आईने आतून विचारलं. ती ट्रेलरच्या दारात बसून खिडक्यांच्या जाळ्या पुसत होती.

"बघायला. फुकट आहे."

मामा आईपेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याची चाऱ्याची शेती आमच्या कुंपणाला लागून आहे आणि त्याच्याकडे मागे जुळी चाकं असलेली भली थोरली डिझेल पिकअप आहे. आमच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स हा ट्रेलर घरी आणताना बरोबर फाटकाच्या तोंडाशी गेला, तेव्हा मामाच्याच गाडीने तो आत ओढला. एप्रिलपासून मामा ती गोष्ट चवीचवीने सांगत होता.

आईची घाई वेगळ्याच कारणाने होती. खिंडीपलीकडे टॅमरॅक क्रीक नावाचा कॅम्प आहे, जंगलखात्याचा, चौदा जागांचा. तिथे उन्हाळाभर एक यजमान असतो. तो स्वतःचा ट्रेलर घेऊन पहिल्या जागेवर राहतो, आलेल्यांना जागा दाखवतो, संडासात कागद ठेवतो, रात्री दहानंतर गिटार बंद करायला लावतो. सोळा उन्हाळे हे काम एकाच जोडप्याने धरून ठेवलं होतं. आईने चार वर्षं अर्ज केले. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवून ती यंदा निवृत्त झाली आणि त्याच महिन्यात ते जोडपंही थकलं. रेंजर ओकरलंड बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: शुक्रवारी दुपारपर्यंत ट्रेलर जागेवर उभा दिसला पाहिजे, शनिवारपासून माणसं येणार, नाहीतर स्पोकेन शहरातलं एक जोडपं सामान बांधून तयारच बसलंय.

आज बुधवार होता. बाबा नेहमीप्रमाणे मे महिन्यात अलास्काला सॅमन माशांच्या कारखान्यात गेले होते. मी मृदाशास्त्राची पदवी घेऊन दहा दिवसांपूर्वी घरी आले होते आणि पहिला आठवडा आईबरोबर कॅम्पवर राहणार होते. म्हणजे निर्णय आम्ही दोघींनी घ्यायचा होता, आणि मामाने न विचारता.

"माझीच ने ना," मामा म्हणाला. "तिला अख्खं घर बांधलंस तरी ओढेल."

"त्या गाडीत चढायला मला शिडी लागते," आई म्हणाली. आईची उंची चार फूट अकरा इंच. "अन् कॅम्पचा लाकडी पूल? तुझी जुळी चाकं त्यावर मावत नाहीत. गेल्या वर्षी कठडा कोणी खरवडला?"

मामाने टोपी सारखी केली. "तो कठडाच वाकडा होता."

तेव्हा हलकी पिकअप हवी, जिला इकडे सगळे अजून अर्ध्या टनाची म्हणतात, हे ठरलेलं होतं. प्रश्न होता कोणती.

निघण्याआधी मला एक आकडा हवा होता. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, जे गाडीच्या मागे अडकवतात, इकडे जीभ म्हणतात. ती जीभ गाडीच्या पाठीवर किती भार टाकते? न्हाणीघरातला काटा तीनशे पौंडांवर जात नाही, म्हणून मी तीन फुटांची जाड फळी घेतली, एक टोक काट्यावर, दुसरं विटेवर ठेवलं आणि विटेपासून एक फुटावर जीभ टेकवली. काट्यावर जे येईल ते तिप्पट करायचं. २६० आलं. म्हणजे ७८० पौंड, ट्रेलरच्या तेरा टक्के. दहा ते पंधरा टक्के असावं, असं पुस्तकं म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच.

"काय झालं?" आई धावत आली.

"तेरा टक्के!"

"हिला विंचू चावला असं वाटलं मला," मामा म्हणाला.

हॅमिल्टन गावातल्या शोरूममध्ये ती लाल गाडी अगदी पुढे उभी होती. आईने तिच्याकडे पाहिलं आणि तिची चाल बदलली. चेरीसारखा रंग, वर काचेचं छप्पर, चामड्याच्या गरम होणाऱ्या सीटा, दार उघडलं की पायाखाली आपोआप येणारी पायरी. आई त्या पायरीवर चढली, उतरली, पुन्हा चढली.

"लायल, बघ! शिडी आपणहून येते!"

मामालाही ती पसंत होती, कारण पुढच्या जाळीवर त्याच्या लाडक्या कंपनीचा निळा बिल्ला होता. आमच्या घराण्यात निळ्या बिल्ल्याखेरीज गाडी आलेली नाही. आजोबांच्या शवपेटीच्या झाकणावरसुद्धा मामाने त्यांच्या शेवटच्या पिकअपचा बिल्ला काढून बसवला होता आणि पाद्र्याने त्याला काही हरकत घेतली नव्हती; त्याचीही गाडी निळ्याच बिल्ल्याची होती.

केंडल नावाचा विक्रेता चावी फिरवत आला. "अकरा हजार पौंड ओढते, मॅडम. तुमचा ट्रेलर किती?"

"सहा हजारांना आठ कमी," मी म्हटलं.

"मग तर ही त्याला टूथपिकसारखा घेऊन जाईल."

आई आत बसून सीट गरम करत होती. मी चालकाचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेली पिवळी पट्टी वाचली. बसणारी माणसं आणि ठेवलेलं सामान मिळून १,३४० पौंडांपेक्षा जास्त नको. मी मनात बेरीज केली. आई १३८. मी १५१. आमचा कुत्रा टेटर ९२. हिचचं, म्हणजे जीभ अडकवायच्या जोडाचं, लोखंड ८५. जनरेटर आणि हत्यारांची पेटी १६५. जिभेचे ७८०. एकूण १,४११.

"आई, एकाहत्तरनं जास्त होतंय."

"काय एकाहत्तर?"

"पौंड. गाडीच्या पाठीवर."

"पण हा म्हणतोय अकरा हजार!"

"ते ओढायचं. मी वाहायचं म्हणतेय."

मामा तरुणपणी डोंगरात शिकाऱ्यांचं सामान घोड्यांवरून नेत असे. त्याने नाइलाजाने मान हलवली. "पोरगी बरोबर बोलतेय. घोडा गाडीला जुंप, टनभर ओढील. तेच पाठीवर टाक, खाली बसेल."

"छप्पर काचेचं, सीटा चामड्याच्या, पायरीला मोटर," मी म्हटलं. "हे सगळं वजन गाडी आधीच वाहतेय. जेवढं गाडीतच भरलं, तेवढं आपल्यासाठी कमी उरलं."

केंडल चावीकडे बघायला लागला.

"एकाहत्तर पौंड म्हणजे किती ते?" आई हट्टाने म्हणाली. "मी तवे काढते."

"तवे सगळे मिळून एकतीस आहेत. अन् ते ट्रेलरमध्ये आहेत, गाडीत नाही."

"अगं, सोपं आहे," मामा म्हणाला. "ट्रेलरमधलं पुढचं सामान सगळं मागच्या टोकाला टाक. जीभ हलकी होईल. झालं."

"फार हलकी होईल, मामा. दहाच्या खाली गेली तर शेपटी हलते."

"तुझं पुस्तक हलतं. मी चाळीस वर्षं गुरांचे ट्रेलर ओढतोय."

"मग करून बघू," आई म्हणाली, आणि केंडलकडे वळली. "देतोस गाडी दोन तास?"

इकडे असं देतात. केंडलने किल्ली दिली आणि स्वतः न येता कॉफी प्यायला गेला.

घरी येऊन आम्ही तिघांनी तवे, जनरेटरचं तेल, नाल, खुंटे, डबे, सगळं ट्रेलरच्या पाठीमागे रचलं. फळीवर पुन्हा मोजलं: १५० गुणिले तीन, ४५०. साडेसात टक्के. मी आकडा मोठ्याने वाचला. आई स्टिअरिंगच्या चाकामागे बसली, मी शेजारी, मामा आपल्या डिझेलमध्ये मागे.

डार्बी गावाकडे जाणारा रस्ता सरळ आहे. ताशी तीस मैलांना काही नव्हतं. चाळीसलाही नव्हतं. पंचेचाळीसला आईच्या हातातलं चाक किंचित डावीकडे गेलं, मग उजवीकडे, आणि आरशात ट्रेलरचं पांढरं तोंड एकदा या बाजूने दिसलं, एकदा त्या. माझा फोन वाजला.

"शेपटी नाचतेय!" मामा ओरडत होता. "अगं शेपटी नाचतेय तुमची! थांबा!"

आईने ब्रेकला पाय लावला नाही. डाव्या हाताने चाक सरळ धरून ठेवलं, उजव्या हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबायची पट्टी हळूच ढकलली. ट्रेलर मागून ताणला गेला, सरळ झाला. मग कडेला थांबलो. आई खाली उतरली, तिचे गाल लाल झाले होते आणि डोळे चमकत होते.

"काय ग, घाबरलीस?" तिने मला विचारलं.

"हो."

"मी पण. मजा आली."

मामा धापा टाकत आला. "कोणी सांगितलं होतं मागे टाकायला?"

आम्ही दोघींनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. शेवटी तोच हसायला लागला. रस्त्याच्या कडेला उभं राहून, हातोहात तवे आणि नाल देत, सगळं पुन्हा पुढे नेलं. आज गाडीत टेटर नव्हता, पेटी नव्हती, जनरेटर नव्हता. त्यामुळे आजच्यापुरता भार मर्यादेत बसत होता. तेव्हा सुला गावाच्या पुढचा खिंडीचा चढही पाहून घेऊ, असं ठरलं.

आणि तो चढ! लाल गाडीने तो चढ खाल्लाच. ट्रेलर मागे आहे हे विसरायला होत होतं. दोन्ही बाजूंना टॅमरॅकची झाडं नुकती हिरवी झाली होती, सावलीत अजून बर्फ होतं, आणि वेगाचा काटा साठवर स्थिर. आई वळणावळणाला "हूऽऽ" असं ओरडत होती. एकोणतीस वर्षं ती याच रस्त्यावर पोरांना 'ओरडू नका' म्हणत आली होती.

खिंडीच्या माथ्यावर तिने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हनुवटी टेकली.

"ओढते खरी," ती म्हणाली.

"ओढते."

"पण वाहत नाही."

"एकाहत्तर पौंड."

"टेटरला घरी ठेवलं तर?"

टेटरला घरी ठेवायचं म्हणजे मामाकडे ठेवायचं, आणि मामा त्याला पॅनकेक चारतो. आई पुढच्या डोंगराकडे बघत म्हणाली, "नाही. चौदा जागांवर मी लोकांना सांगणार, नियम पाळा. अन् माझीच गाडी नियमात नाही, असं नको."

किल्ली केंडलला परत देताना आईने पायरीवर शेवटचं एकदा चढून घेतलं.

दुसरी गाडी मी सकाळीच पाहून ठेवली होती, पण सांगायची हिंमत झाली नव्हती. ती रस्त्याच्या पलीकडच्या शोरूममध्ये होती. पांढरी, वापरलेली, कालव्याच्या कंपनीची. खिडक्या हाताने फिरवायच्या, पुढे एकच सलग बाकडं, त्यावर गुळगुळीत रेक्झिन, खाली रबर. पिवळ्या पट्टीवर १,८९०.

बिल्ला मात्र दुसऱ्या कंपनीचा, सोनेरी होता.

"नाही," मामा म्हणाला. तो रस्त्याच्या अलीकडेच थांबला.

"ये तरी," आईने पलीकडून हाक मारली.

"मी इथून बघतो!"

"इथून काय दिसणार तुला?"

"बिल्ला दिसतोय! तेवढा पुरे!" मधून लाकडाचा ट्रक गेला, म्हणून तो थांबला, मग पुन्हा ओरडला, "बाप काय म्हणेल, वर्ना?"

"बाप आता काही म्हणत नाही!"

"म्हणून तू असं करणार?"

शोरूममधली दोन माणसं दारात येऊन ऐकत उभी राहिली. आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने पांढऱ्या गाडीचं दार उघडलं. पायरी नव्हती, पण गाडी बुटकी होती, आई एका ढांगेत चढली. बाकड्यावर बसली. रेक्झिन करकरलं. तिने त्यावरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"बस आहे ही," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं याच रेक्झिनवर बसले मी."

"चारशे एकोणऐंशी पौंड शिल्लक राहतात," मी म्हटलं.

"मी बाकड्याबद्दल बोलतेय, तू पौंडांबद्दल."

"हो."

दुपारनंतर तोच ट्रेलर, तोच चढ. मामा मागे आलाच, पण आम्हाला ओळखत नसल्यासारखं अंतर ठेवून. पांढरीचं इंजिन पहिल्याच वळणाला ओरडायला लागलं. काटा पन्नासवरून चाळीसवर आला, चाळीसवरून चौतीसवर, आणि चौतीसवर चिकटला. मी तेलाच्या तापमानावर डोळा ठेवून होते. ते दोनशे दहा अंश फॅरनहाइटला गेलं आणि तिथेच राहिलं. आमच्या मागे आठ गाड्या जमल्या. सर्वात शेवटी मामा.

तीन तासांपूर्वी याच वळणावर आई ओरडत होती. आता ती फक्त रस्ता आणि आरसा बघत होती. कडेला रुंद जागा आली तशी तिने खूण देऊन गाडी बाजूला घेतली, आठही गाड्यांना जाऊ दिलं, प्रत्येकीला हात केला, पुन्हा रस्त्यावर आली. पुन्हा चौतीस.

"हळू आहे," मी म्हटलं. मला काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"हळू?" आईने काट्याकडे पाहिलं. "अगं, बस इथे तीसनं जायची. भरलेली असली की अठ्ठावीस." तिने गिअर एक खाली घेतला, बघून नाही, आवाजावरून. "या वळणाला खाली घ्यायचा. पुढे तो मोठा दगड आला की वर. मला हा चढ असाच येतो. लाल गाडीत मला समजेचना की काय करायचं, तीच सगळं करत होती."

मोठा दगड आला. तिने गिअर वर घेतला आणि हसली.

"मला कुठे घाई आहे? तीन महिने तिथेच राहायचंय."

माथ्यावर मामा आमची वाट बघत होता. त्याने पांढरीभोवती एक फेरी मारली, मागचं फळकं हाताने दाबून पाहिलं, वाकून स्प्रिंगा पाहिल्या. "बसली नाहीये फार," तो म्हणाला. मग जाळीसमोर उभा राहिला. "हा बिल्ला निघतो का ग?"

"दोन स्क्रू," मी म्हटलं.

"मग विचार करता येईल."

गुरुवारी गाडी आमची झाली. टाकी भरून, आत कोणी नसताना, मी ती डार्बीच्या पुढच्या लाकडाच्या वखारीत ट्रक तोलायच्या काट्यावर उभी करून घेतली: ४,९१०. त्यात पट्टीवरचे १,८९० मिळवले की ६,८००, म्हणजे दारावर छापलेली एकूण मर्यादा. दोन्ही आकडे जुळले तेव्हा मी वखारीत एकटीच नाचले.

संध्याकाळी ओकरलंड बाईंचा फोन आला. आईने तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"वर्ना, हातपंपाचा पाइप थंडीनं फुटलाय. दोन आठवडे पाणी नाही. तुझ्यापुरतं आणशील ना?"

"आणते की."

"अन् येताना डार्बीच्या ऑफिसातून शेकोटीभोवती बसवायची लोखंडी कडी घेऊन ये. तीन आहेत. एकेक अठ्ठ्याऐंशी पौंडांचं. माझ्याकडे पाठवायला गाडी नाही."

"आणते," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता. फोन ठेवल्यावर बघितलं. "पहिलंच काम सांगितलं त्यांनी मला. नाही कसं म्हणू?"

पाण्याचे चार कॅन, अठ्ठावन्न पौंडांचा एकेक: २३२. कडी तीन: २६४. मी मोठ्याने बेरीज केली. १,४११, २३२, २६४. एकूण १,९०७.

"सतरानं जास्त," मामा लगेच म्हणाला. दोन दिवसांत तो वजाबाकीत माझ्याइतकाच पटाईत झाला होता. "पोरीला घरी ठेव. दीडशे वाचतात."

"मामा!"

"बरं, मग डोकं लढव."

"तूच आण ना कडी," आई त्याला म्हणाली. "पुलापर्यंत तरी."

"उद्या माझी पाण्याची पाळी आहे. कालवा माझ्यासाठी थांबेल होय? एकदा चुकली की बारा दिवस."

ते खरं होतं. पाण्याच्या पाळीपुढे इकडे लग्नंही पुढे जातात. आई जॅमच्या बरण्या मोजायला लागली. मी म्हटलं, जॅम ट्रेलरमध्ये आहे, त्यानं गाडीचं काही फारसं बदलत नाही. आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात आलं.

"कडी ट्रेलरमध्ये टाकू!"

"तीन फुटांची आहेत ती," आई म्हणाली. "ट्रेलरचं दार सव्वीस इंच."

"मग पाणी टाकू. दोन कॅन. बरोबर चाकांच्या वर ठेवले तर जिभेवर काहीच येणार नाही. चाकांच्या वर काय आहे?"

तिघंही ट्रेलरमध्ये शिरलो. मी टेप धरला, मामाने खाली वाकून चाकांची जागा ओरडून सांगितली. नेमका तिथे न्हाणीचा टब होता. आम्ही दोन कॅन टबात ठेवले. एवढे घट्ट बसले, जणू तो त्यांच्यासाठीच केला होता. मामा टबाच्या काठावर बसून हसत राहिला. "दोन आठवडे अंघोळ नाही म्हणजे!" फळीवर मोजलं: जीभ अजून ७८०. गाडीवर आता १,७९१. जवळजवळ शंभर पौंड शिल्लक. आईने माझ्या दोन्ही गालांवर थापट्या मारल्या.

शुक्रवारी सकाळी डार्बीच्या ऑफिसमागे ती कडी आम्हाला दिसली. नुसती कडी नव्हती. प्रत्येकाला वरून फिरणारी जाड सळयांची जाळी बसवलेली होती, बिजागरीसकट. ऑफिसातल्या दोन माणसांनी एकेक उचलताना दोघांचेही चेहरे लाल झाले.

"ही अठ्ठ्याऐंशीची आहेत?" मी विचारलं.

"जाळीशिवाय असतील," एक जण म्हणाला.

"जाळी किती?"

त्याने खांदे उडवले. आता माझ्या बेरजेत एक अनोळखी संख्या आली होती. आई मागचं फळकं लावून परत चाकामागे आली. टेटर मध्ये बसला होता, त्याचं डोकं दोघींच्या खांद्यांवर आळीपाळीनं येत होतं.

"वखारीत जाऊ," ती म्हणाली.

"आणि जास्त आलं तर?"

"तर कडी तिथेच उतरवायची, अन् मी तिथूनच ओकरलंडबाईंना फोन करायचा. पहिलंच काम जमलं नाही म्हणायचं. स्पोकेनवाल्यांना बोलवा म्हणायचं." ती गाडी चालवत होती, आवाज सरळ होता, पण हात चाकावर घड्याळातल्या दहा-दोनला होते, परीक्षा देणाऱ्यासारखे. "नियम म्हणजे नियम. मी तिथे लोकांना काय सांगणार आहे?"

वखारीत लाकडाचे दोन ट्रक आमच्या मागे येऊन थांबले. काट्यावरच्या एमेटने खिडकीतून हात केला: या. आईने गाडीची चारही चाकं पाटावर घेतली, ट्रेलरची चाकं बाहेर ठेवली, बरोबर मी सांगितलं तसं, इंचभर इकडेतिकडे न होऊ देता. इंजिन बंद केलं. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

"थांब जरा!" आईने खिडकीतून डोकं काढून सांगितलं. "इथे माझा उन्हाळा तोलतोय!"

तो हसला बहुतेक, भोंगा थांबला. आम्ही आतच बसलो होतो, कारण आमचंही वजन त्यात हवं होतं. टेटरने जांभई दिली. आईने माझा हात धरला. एमेटच्या खिडकीवरचे लाल आकडे पळत होते, सहा हजार आठशे वीस, सहा हजार सातशे साठ, पुन्हा वर. मी टेटरचा पट्टा धरून ठेवला, म्हणजे तो हलणार नाही. आईने श्वास रोखला आणि मग मला हसू आलं, कारण श्वास रोखून वजन कमी होत नाही, पण मीही तो रोखलाच.

आकडे थांबले.

गाडी, दोन माणसं, एक कुत्रा आणि सगळं सामान मिळून: ६,७८० पौंड. मर्यादा: ६,८००.